आबा फौजेत नेमके कोण होते?

काळ्या_रानातला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाऊसपाण्याच्या आणि डाळिंबाच्या धाग्यावर असतो. आज घरचं लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, १९ नोव्हेंबरला गेले. वय ८६ की ८७, शाळेच्या दाखल्यावर एक आणि फौजेच्या डिस्चार्ज बुकात दुसरं. गाव मंगळवेढ्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर. पेन्शनचा हयातीचा दाखला ४ तारखेला स्वतः जाऊन अंगठा लावून आले होते. "चला, आजून एक वरीस सरकारच्या लेखी जित्ता हाय," म्हणून मिशीत हसले, आणि पंधराव्या दिवशी झोपेत गेले. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाला हाक नाही.

तेराव्याला चौकात फ्लेक्स लागला. आबांचा फेट्यातला फोटो, मागं रणगाडा, वर दोन विमानं धूर सोडत चाललेली. '१९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धात शत्रूला धूळ चारणारे रणझुंजार सुभेदार'. खाली शोकाकुल म्हणून सत्तावीस जणांचे गॉगलवाले फोटो. त्यातल्या निम्म्यांनी आबांना हयातीत रामराम घातला नसेल. ते असो.

आबा सुभेदार नव्हते, नाईक होऊन आले. रणगाड्याशी त्यांचा संबंध २६ जानेवारीला टीव्हीवर परेड बघण्यापुरता. पायदळात होते, मराठा लाइट इन्फंट्रीत. आणि पायदळात ते लांगरी होते. लांगरी म्हणजे लंगर चालवणारा. पलटणीचा स्वयंपाकी.

घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. मी थोरल्या चुलत्यांना (आम्ही बापू म्हणतो) एवढंच म्हणालो की सुभेदार तरी काढा. बापू म्हणाले, "मग काय लिहू? आचारी लिहू? पाव्हण्यारावळ्यांत काय तोंड दाखवू?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून म्हटलं, फ्लेक्सवर जे मावलं नाही ते इथं लिहावं.

आबा १९५८ ला भरती झाले. वीस-बावीस एकर कोरडवाहू रान, चौघं भाऊ, एक बैल मेलेला आणि दुसरा सावकाराच्या दावणीला. देशभक्ती वगैरे पुढं आली असेल, जाताना पोट होतं. बेळगावला ट्रेनिंग. सुट्टीवर येताना बेळगाव ते मिरज, मिरजेहून छोट्या लाईनच्या गाडीनं पंढरपूर, तिथून मिळेल ती बैलगाडी नाहीतर डोक्यावर काळी ट्रंक घेऊन पायी. पायी आले की आधी घरी न येता रानात जायचे आणि ढेकूळ फोडून ओल बघायचे, असं आजी सांगायची. तिचा त्यावर आयुष्यभर राग होता.

उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे बारीक ठिपके होते. आम्हा पोरांना वाटायचं, छर्रे लागलेत. शाळेत मी तसं छातीठोक सांगितलंय. चौथीत असताना विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याल उडालेलं हाय रं." मला इतका राग आला होता त्या उत्तराचा, की मी शाळेत छर्रेच चालू ठेवले.

मोजायची फार सवय. दावणीच्या कडब्याच्या पेंढ्या मोजायचे, पंगतीत भाकऱ्या मोजायचे, अंगणात पत्र्याची बादली ठेवून पाऊस बोटांनी मोजायचे आणि वहीत लिहायचे, 'उत्तरा चार बोटं', 'हस्त एक वीत'. लग्नात जेवायला गेले की आधी पातेल्यात डोकावणार, किती माणूस, किती भात. अन्न उरलं की चिडचिड. आम्हाला वाटायचं, दुष्काळ बघितलेला माणूस, कंजूषपणा आहे.

दुष्काळावरून सांगतो. १९७३ ला पंधरा वर्षं भरून पेन्शनीत आले तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. बहात्तरचा पाऊस गेलेला, रब्बी पेरलीच नव्हती. गावाजवळ पाझर तलावाचं काम चाललेलं. अख्खा गाव खडी फोडायला, त्यात बाया जास्त. रेशनला अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी यायची. ज्यांनी मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लीय त्यांना मिलो म्हणजे शिक्षा. पिठाला चिकटाच नाही, थापली की कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना हातात तुकडे. बाया रडकुंडीला आलेल्या. आबा तिथं कामावर बसले होते, तीन दगडांची चूल मांडली, पाणी खळाखळा उकळलं, त्यात पीठ टाकून उकड काढली, झाकून ठेवली, मग गरम असतानाच तळहाताच्या उंचवट्यानं मळली. भाकरी अखंड उतरली. मिशीवाला फौजी गडी भर उन्हात बायांना भाकरी थापायला शिकवतोय, म्हणून सगळ्या पदरात तोंड घालून हसत होत्या, पण दुसऱ्या दिवसापासून तलावावर सगळ्यांनी उकडच काढली. ही गोष्ट गावातल्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात. बापूंना मात्र ती आवडत नाही.

आणि पेव. आमच्या वाड्यात एक पेव होतं, धान्य साठवायचं, जमिनीतलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. नवीन पोरांना माहीत नसेल, पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. आत कोंडलेली हवा मारते. आधी तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील दोरीनं सोडायचा. विझला तर थांबायचं. त्या वर्षी तळाला चार वर्षांपूर्वीची ज्वारी होती, आंबूस वासाची. भावांचं म्हणणं, बाजार चढलाय, विकू. आबांनी ती उसनी वाटली. पायलीनं मोजून, वहीत नाव घालून. आजीनं दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणे. लोक 'दामाजी' म्हणायला लागले. मंगळवेढ्यात कुणी धान्य वाटलं की दुसरं नाव सुचतच नाही. त्यावर आबा म्हणायचे, "दामाजीनं बादशाचं कोठार लुटवलं. मी उसनं दिलंय, आन् मी मागणार हाय." आणि खरंच मागितलं! वीस वर्षं मागितलं. मी लहान असताना म्हणजे अठ्ठ्याऐंशी-नव्वदला सुद्धा एखाद्याला पारावर गाठून, "दीड पायली राह्यलीय तुझ्या बाची."

तर असे. आता मला सांगा, ह्यात लपवण्यासारखं काय आहे?

कडक_भाकरी

भावपूर्ण श्रद्धांजली. मिलोचं वाचून आईला फोन लावला. ती म्हणाली मिलोपेक्षा सुकडी बरी होती, निदान गोड लागायची. आणि ती पण उकड काढूनच करायची. कुणी शिकवलं म्हटलं तर म्हणे, "कुणीतरी फौजीनं शिकवलं म्हनत्यात मंगळवेढ्याकडच्या." आता हे तुमचं वाचून सांगितलं की आधीपासून माहीत होतं, देव जाणे. आई आजकाल असंच करते.

निवृत्त_हवालदार

रामराम. मी सुद्धा मराठा लाइट इन्फंट्रीचाच. तुमच्या बापूंना माझा निरोप द्या: लंगर बंद पडला तर पलटण दोन दिवस चालत नाही.

लांगऱ्याचं काम लोकांना लग्नाच्या आचाऱ्यासारखं वाटतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, रात्री सगळ्यांच्या नंतर झोपायचं. एका कंपनीत शंभराच्या वर माणूस. लढाईत उजेड दिसेल म्हणून रात्री चूल पेटवता येत नाही, धूर दिसेल म्हणून दिवसा जपून. रांधलेलं पुढं मोर्च्यापर्यंत पोचवायचं, ते अंगावर वाहून. पोचवताना गोळी लांगरी आहे का रायफलमन ते विचारत नाही. आणि येताना मोकळ्या हातानं यायचं नाही, जखमी घेऊन यायचं. धोबी, न्हावी, लांगरी, सगळे स्ट्रेचरला हात लावायचे.

कुठली पलटण? पूर्वेला होते का पश्चिमेला?

काळ्या_रानातला

धन्यवाद हवालदार साहेब. डिस्चार्ज बुकात १ मराठा लिहिलंय. पत्रं '९९ एपीओ'च्या पत्त्यावर जायची. पदकं तीन सापडली: रक्षा मेडल, संग्राम मेडल, पूर्वी स्टार. चुलतभावाचं म्हणणं असं की पदकं आहेत म्हणजे आबा लढलेच, तू उगा कमीपणा आणतोस.

निवृत्त_हवालदार

१ मराठा म्हणजे जंगी पलटण! १७६८ ची. ९९ एपीओ म्हणजे पूर्व आघाडी, बरोबर जुळतंय. पदकांचं म्हणाल तर पूर्वी स्टार त्या आघाडीवर असलेल्याला मिळतो, हातात रायफल होती का कढई ते बघून नाही. भावाला सांगा, त्याचं अर्धं बरोबर आहे.

एकाहत्तरला जंगी पलटण ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती. पूर्व पाकिस्तानातली कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली, पुढं बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रेच्या काठचं जमालपूर. तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पक्की बसलेली. आपली पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या मागं जाऊन बसली, त्यांचा ढाक्याकडचा रस्ता अडवून. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. पलीकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदनं उत्तरासोबत एक गोळी गुंडाळून पाठवली, की पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन या. १० डिसेंबरच्या रात्री बलुच बाहेर पडायला गेले ते थेट मराठ्यांच्या तोंडावर. रात्रभर चाललं. ११ ला जमालपूर पडलं आणि पाच दिवसांनी ढाका.

हे आम्हाला बेळगावला शिकवतात. पण त्या रात्री लंगरात काय चाललं होतं ते कुणी शिकवत नाही. आबा काही बोलले होते का?

काळ्या_रानातला

नाही. जमालपूर हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ढाक्याबद्दल एकदा म्हणाले होते, तिथली माती बघितली, चिखल नुसता, ज्वारी नाय यायची.

सातरस्ता

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. फ्लेक्स म्हणजे काय इतिहासाचं पुस्तक आहे का? गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चढवून लिहायची आपल्याकडं रीतच आहे. शिक्षक गेला तर 'शिक्षणमहर्षी', सोसायटीचा चेअरमन गेला तर 'सहकारसम्राट'. तुमच्या बापूंनी बापासाठी सुभेदार लिहिलं, त्यात त्यांनी कुणाचं काय घेतलं? तुम्ही शिकलेले, तुम्हाला लांगरी शब्दाचं कौतुक वाटतं. त्यांनी त्याच शब्दावरून गावात टोमणे खाल्ले असतील. त्यांच्या वयाचं होऊन बघा.

काळ्या_रानातला

सातरस्ता, हे मी मान्य करतो. टोमणे खाल्लेत. बापूंना शाळेत 'रश्शावाल्याचं' म्हणायचे, हे मला माझ्या वडलांनी कालच सांगितलं. मला माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर मी जरा वेगळ्या तोंडानं बोललो असतो.

पूर्वभागातला

मी फ्लेक्सचंच काम करतो बे सोलापुरात, म्हणून लिवलालो. माजी सैनिक म्हटलं की आमच्याकडं एकच टेम्प्लेट असतंय. रणगाडा, दोन विमान, खाली तिरंगा हलवलेला. गिऱ्हाईक येतंय, फोटो देतंय, "अर्ध्या तासात पायजे" म्हणतंय. आपण तोंड चिकटवून मोकळं. एकदा एक कॅप्टन साहेब दुकानात आले, बघितले आन् म्हटले, अरे हे रणगाडं आपलं न्हाईच, विमान तर पाकिस्तानकडं असतंय तसलं. तेव्हापासनं मी ते विमान काढलो. बाकीच्या दुकानात अजून उडूलालंय.

माझ्या आजोबाला पण आम्ही फ्लेक्सवर 'उद्योजक' लिवलो होतो. मागावर चादरी विणत होते, दुसऱ्याच्या.

कडक_भाकरी

दुसऱ्याच्या मागावर! हसू का रडू.

भीमाथडी_०७

सगळं वाचलं. फ्लेक्स लावणारा मीच, ह्यांचा चुलतभाऊ. घरातली गोष्ट इथं आणायची गरज होती का? दादा, तू पुण्याला असतोस. आबांना शेवटची दहा वर्षं रोज बुलेटवरून रानात कोण घेऊन जात होतं? तुला त्यांची वही आठवते, मला त्यांची गोळ्यांची वेळ आठवते. फ्लेक्सचे पैसे मी दिलेत. ६२ चुकून पडलं, ते मान्य.

आणि डाळिंबाचं का नाही लिहिलंस? २००७ ला आमच्या बापूंनी आबांचं न ऐकता सहा एकर ज्वारीचं रान मोडून डाळिंब लावलं. दोन बहार चांगले निघाले, तिसऱ्याला तेल्या रोग आला. फळावर तेलकट डाग, मग तडकायचं, मग झाडाखाली नुसता सडा. सगळी बाग उपटून बांधावर जाळली. बापू घरात तोंड लपवून बसले होते. आबा काठी टेकत आले, एक शब्द बोलले नाहीत, जळणाऱ्या ढिगाशेजारी बसले. संध्याकाळी म्हणाले, "राख इस्कटा रानात. हस्ताला शाळू पेरू." बस. दुसरा बाप असता तर जन्मभर ऐकवलं असतं. त्या बापाला कुणी आचारी म्हणू नये, एवढंच बापूंचं म्हणणं आहे.

काळ्या_रानातला

भावा, बरोबर आहे तुझं. डाळिंबाचं मी मुद्दाम सोडलं होतं, बापूंना वाईट वाटेल म्हणून. तू लिहिलंस ते चांगलं झालं. आणि बुलेटचं कोण विसरेल? आबा मागं बसून 'हळू, हळू' म्हणून तुझा शर्ट फाडायचे.

मी पुण्याला असतो, ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

रानपाखरू

थोडं विषयांतर. शाळू उपटून काढायचा का कापून? आमच्याकडं आता मजूरच मिळत नाहीत, मशीनवाले कापतात आणि कडबा आखूड पडतो.

भीमाथडी_०७

उपटूनच. कडबा धाटासकट पूर्ण मिळतो, जनावराला तोच पाहिजे. पण मजुराचं म्हणाल तर आम्हीही ह्या वर्षी रडतोय. हात सोलतात, फेब्रुवारीत ऊन लागतं, नवीन पोरं येत नाहीत. आबा गेल्या वर्षीपर्यंत बांधावर बसून पेंढ्या मोजायचे.

निवृत्त_हवालदार

ज्वारीचा वेगळा धागा काढा राव.

लेकीच्या_खात्यावरून

मी बोलते, माझी लेक लिहिते. मी आबांची लेक. ह्या दोन पोरांची आत्या. दोघांनी भांडण मिटवलं ते बरं केलं, नाहीतर दोघांचे कान धरले असते.

आबा चांगले होते म्हणून सगळे लिहित्यात. होते. पण माझी शाळा सातवीला बंद केली. आठवीला पुढच्या गावाला जावं लागत होतं, मध्ये ओढा. म्हणले, पोरीची जात. भावाला त्याच ओढ्यातनं सायकल घेऊन दिली. वाटणीच्या टायमाला मला आन् धाकटीला मंगळवेढ्याला नेलं, हक्कसोडीवर सही घेतली. साडी दिली, हॉटेलात जिलबी खाऊ घातली. मी सही केली. जिलबी न्हाय खाल्ली. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले होते, म्हणून इथं पण बोलते. मेला म्हणून माणूस बदलत न्हाय.

आता ह्या हवालदारांनी विचारलं लंगरात काय चाललं होतं, त्याचं सांगते. पोरांना ठाव न्हाय.

दिवाळीला आबा शक्करपारे करायचे. वर्षातनं तेवढंच ते चुलीपुढं बसायचे, दार लावून. शंकरपाळ्या न्हायत, त्ये फौजेतले, पाकात घोळवलेले, चार महिने टिकायचे. आमाला सगळ्यांना एक एक मग्गा भरून वाटायचे. इनॅमलचा पांढरा मग्गा, कड उडालेला. कमी न्हाय, जास्त न्हाय. आन् परातीत थोडे मागं ठेवायचे, त्याला हात लावू द्यायचे न्हाईत. चार-पाच दिवसांनी गुरांना घालायचे. आई बोंबलायची, साखरेचं गुरांना घालतो म्हणून.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते, दिवाळी होती, ८५ साल. आबा तळत होते, मी भिंतीला टेकून बसले होते. मी इचारलं, हे मागं कुणासाठी ठेवता?

लई येळ बोलले न्हाईत. मग म्हणले, नदी उतरायच्या आदल्या रातीला पोती भरून हेच केलं होतं. पलटणीला चूल मिळणार नव्हती, हेच खिशात घालून जायाचं. माणशी एक मग्गा. रांगेत एकएक येत होता, खिसा पुढं करत होता. कुणी म्हणायचा लांगरी आजून घाल, मी म्हणायचो मोजून हाय. जमालपूर पडल्यावर सकाळी परत वाटाय गेलो. तेवढीच पोती, तेवढाच मग्गा. तर उरलं.

मी म्हणलं, किती उरलं?

म्हणले, "मोजलं न्हाय."

मग झारा मारून तळण काढलं आन् मला म्हणले जा, पोराला घे, रडतंय.

एवढंच. परत कधी बोलले न्हाईत, मी बी इचारलं न्हाय.

कडक_भाकरी

आत्या, काय लिहू.

निवृत्त_हवालदार

जय हिंद, ताई.

काळ्या_रानातला

आत्या, मी हे तिसऱ्यांदा वाचतोय. पंगतीत अन्न उरलं की त्यांची चिडचिड व्हायची, तिला मी इथंच वर कंजूषपणा लिहिलंय. खोडत नाही, राहू दे तसंच.

सातरस्ता

मी माझा वरचा मुद्दा मागं घेत नाही, पण आता फ्लेक्सवर काय लिहावं ते मलाही सुचत नाही.

कडक_भाकरी

आत्या, हक्कसोडीचं वाचून राहवलं नाही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा १९९४ च्या दुरुस्तीनं मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यात नव्हत्या. २००५ ला केंद्राचा कायदा बदलला तेव्हा सगळ्या आल्या. आणि तेव्हापासून गावोगावी भाऊ बहिणीला गाडीत बसवून सहीला नेतात. माझ्याही आईला नेलं होतं. तिला साडीसुद्धा मिळाली नाही.

पूर्वभागातला

भीमाथडी भाऊ, वर्षश्राद्धाला फ्लेक्स लावायचं असंल तर मला सांगा, पैसे घेत न्हाई. रणगाडं काढून टाकू. त्या मग्ग्याचा फोटो हाय का कुणाकडं?

भीमाथडी_०७

बापूंना आत्याचं सगळं वाचून दाखवलं. ऐकून उठून गेले गोठ्याकडं. तासाभरानं आले आणि म्हणाले, सुभेदार काढा, नाईक लिहा. लांगरी लिहायचं का ते अजून बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. फ्लेक्स तसाही ह्या आठवड्यात वाऱ्यानं फाटलाय, रणगाड्याची नळी तेवढी राहिली.

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा झाली की रानात हुरडा करतोय. दादा, सुट्टी काढून ये. हवालदार साहेब, तुम्ही पण या, मंगळवेढ्यात उतरून कुणालाही विचारा. आत्या, तू शक्करपारे करशील का? प्रमाण कुणालाच माहीत नाही. आणि तो मग्गा आम्ही सगळ्या वाड्यात शोधला, ट्रंकेत नाही, फडताळात नाही.

लेकीच्या_खात्यावरून

करीन की. एक किलो मैद्याला पाव किलो डालडा कडकडीत करून घालायचं, मूठ वळली पायजे. मीठ चिमूट. पीठ घट्ट, पाणी बेतानं, तासभर झाकून. जाड लाटायचं, बोटाच्या पेराएवढं कापायचं, जाळ बारीक. घाई केली की आत कच्चं राहतंय, आबा लई ओरडायचे. अर्धा किलो साखरेचा पाक, गोळीबंद होत आला की त्यात घोळवायचं आन् सारखं हलवत ऱ्हायचं, कोरडं पडूस्तोवर. मैदा पाच किलो आणून ठेवा, मालदांडीचं पीठ मी माझ्या घरचं आणते, भाकरीला.

मग्गा शोधू नका. तेराव्या दिवशीच मी पिशवीत घालून आणलाय. त्याच्यावर मी हक्कसोड केलेली न्हाय.